गच्च भरलेली चकती

कारखान्यात त्याला सगळे ‘काटेकोर’ म्हणत. सिलिकॉनच्या चकत्यांमध्ये इलेक्ट्रॉन विजेच्या ओढीनं किती झपाट्यानं पळतात, ते मोजण्यात त्याची हयात गेली. बायको गेल्यावर आठवड्याच्या आत तो कामावर हजर झाला. डोळ्यांत टिपूस नाही. माणूस आहे की दगड, असं लोक म्हणाले. खरं तर हा प्रश्न त्यालाही पडला होता.

दोन खोल्यांच्या घरात थोरली बहीण, दाजी, दोन भाच्या आणि दाजींची आई येऊन राहिली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. तो न्हाणीघरात बसून राहिला की धाकटी भाची दार बडवायची, “मामा, आटपा!” मग तो आटपायचा.

त्या सकाळी ताईनं विचारलं, “संध्याकाळी निघू का रे आम्ही? की राहू अजून? काय ते सांग बाबा.”

“निघा,” तो म्हणाला. ताई कपड्यांच्या घड्या घालू लागली.

कारखान्यात वेगळीच कटकट. इलेक्ट्रॉन आपसूक किती पसरतात, हे तो कधी मोजतच नसे. पळण्याच्या आकड्याला तापमानाच्या आकड्यानं गुणलं की झालं! पण मुद्दाम खूप भेसळ करून जादा इलेक्ट्रॉन भरलेल्या चकत्यांसाठी नवं यंत्र आलं आणि त्यानं त्याच्या हिशोबाच्या जवळजवळ तिप्पट पसरण दाखवलं. “यंत्र बिघडलंय,” म्हणत काटेकोर हट्टाला पेटला. त्यानं चकती द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली. निरपेक्ष शून्यापासून मोजलेलं तापमान पाव झालं, म्हणजे पसरणही पाव व्हायला हवं. आता यंत्र रंगेहाथ सापडणार होतं.

आकडा जवळपास जागचा हलला नाही.

कॉलेजात शिकलेलं आणि सोयीनं विसरलेलं तेव्हा कुठे त्याला आठवलं. भेसळ कमी असली की इलेक्ट्रॉन ऐसपैस असतात, उष्णता ढकलेल तसे पसरतात. इथे ते गच्च भरलेले. एकाच्या जागी दुसरा बसू शकत नाही, खालच्या जागा भरल्या की उरलेल्यांना वरच्या जागांवर जावंच लागतं. त्यांची ती ऊर्जा उष्णतेची नाही, गर्दीची. गारठवलं तरी ते पसरतातच. विरळ चकतीचा नियम त्यानं गच्च चकतीला लावला होता.

त्यानं आपला आकडा खोडून यंत्राचा लिहिला. लाज वाटली नाही, आनंदही झाला नाही. नायट्रोजनच्या भांड्यावर जमलेल्या हिमाकडे तो बघत राहिला आणि त्याला भलतंच काही आठवलं, भाची बडवते ते न्हाणीघराचं दार.

घरी पोचला तेव्हा बॅगा दाराशी होत्या. दाजी बुटाची नाडी बांधत होते.

“ताई, नका जाऊ.”

“का रे? बरं वाटत नाही का?”

“काहीच वाटत नाही गं. पण तुम्ही गेलात तर सकाळी मी उठणारच नाही.”

ताईनं बॅग आत ओढली. दाजींनी नाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीघरात नळ सोडून नुसताच बसला होता. दार बडवल्याचा आवाज आला.

“मामा, आटपा!”

त्यानं डोक्यावर पाणी ओतलं.