‘उपाशीपोटी’ म्हणजे कधी?

ही गोष्ट मी सात वर्षं पोटात ठेवली. नवऱ्याला सांगितली नाही, आईला नाही, नर्सिंग शिकताना जिच्याबरोबर एका खोलीत राहिले त्या मैत्रिणीलाही नाही. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडली – आणि आता तुम्हाला सांगते.

मी मूळची रोहण्याची. घरी आम्ही वऱ्हाडीच बोलतो – ‘मले-तुले’. नागपूरला शिकायला गेले तेव्हा माझ्या बोलण्यावर मुली हसल्या, आणि मी ती भाषा टाकून दिली. पुढे सेलू तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात लागले. पेशंट वऱ्हाडीत विचारायचे, मी पुस्तकातल्यासारखं उत्तर द्यायचे. त्यात मला मोठेपणा वाटायचा. हे कारण म्हणून सांगत नाही – तेव्हाची मी कशी होते, एवढंच.

शेवंतामावशी केळझरच्या. गणपतीच्या देवळाखाली हार-दुर्वा विकायच्या. थायरॉइड कमी पडत होतं – चेहरा सुजलेला, आवाज जड, हार ओवता ओवता डोळा लागायचा. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती कशी घ्यायची, हे समजावणं माझं काम. रजिस्टर भरता भरता मी म्हटलं, “ही गोळी उपाशीपोटी घ्यायची.”

“म्हंजे उपाशी राह्यली तवाच घ्याची न, बाई?”

मी मान वर केली नाही. “हो, उपाशीपोटीच,” म्हटलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तुमच्या लक्षात आलं का? माझ्या नाही आलं. मावशींचे उपास दोनच – सोमवार आणि चतुर्थी. गोळी रोज सकाळी, चहाच्या आधी घ्यायची होती. त्या घेत राहिल्या फक्त उपासाच्या दिवशी.

दोन महिन्यांनी तपासणीत काहीच फरक नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आणखी दोन महिन्यांनी पुन्हा तेच – पुन्हा वाढवली, आता पहिल्याच्या तिप्पट. ती चिठ्ठी घेऊन मावशी माझ्याकडे आल्या आणि पिशवीतून बाटली काढली. जवळजवळ भरलेली.

“गोया तं लय उरल्या. हे नवी बाटली कायले?”

मी विचारलं, रोज नाही घेत? त्या म्हणाल्या, “रोज कशी घीन? रोज उपास नसते न.”

आता नीट ऐका – खरी गोष्ट इथे आहे. पहिली चूक बेफिकिरीची होती. दुसरी मी समजून-उमजून केली. मला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. हेही कळलं होतं, की ही तिप्पट गोळी डॉक्टरांनी चुकीच्या समजुतीवर लिहिली आहे. त्यांचं दार किती लांब होतं? दहा पावलं. आत जाऊन ‘साहेब, माझं चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं – पेशंटला समजवावं तर आमच्या सिस्टरनी. शिकायला आलेल्या मुलीही माझ्या हाताखाली दिल्या होत्या.

मी गेले नाही. मावशींना हळूच म्हटलं, आता रोज घ्या. आणि ती जोरदार गोळी त्यांच्या हातात ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात सुनेनं त्यांना धरून आणलं. छाती धडधडत होती, हात इतके थरथरत की सुईत दोरा जाईना. भरती करावं लागलं. डॉक्टर चक्रावले. गोळी कशी घेत होता, म्हणून विचारलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मावशी म्हणाल्या, “आंदी उपासालेच घेतली. मीच अडाणी आहो, साहेब. माह्याच ध्यानात नाई राह्यलं.” डॉक्टरांनी कागदावर लिहिलं – रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत. मी ते वाचलं. आणि गप्प राहिले.

मावशी बऱ्या झाल्या. बेताची गोळी लागू पडली, सूज उतरली, देवळाखाली पुन्हा बसू लागल्या. मीही बदलले. पेशंटशी वऱ्हाडीतच बोलायला लागले. सांगून झालं की म्हणते, “आता तुमी मले सांगा.” त्यांनी आपल्या तोंडानं बरोबर सांगितल्याशिवाय गोळी देत नाही. परवा एक आजी ठणकावून म्हणाल्या, “सकाऊन उठल्या उठल्या, चाहाच्या आंदी, पान्यासंग. मंग अर्धा घंटा काईच नाई.” बाकावरचे सगळे हसले. असं ऐकलं की माझा दिवस सोन्याचा होतो. पण त्यानं तो कागद बदलतो का?

गेल्या आठवड्यात काही कामानं केळझरला गेले होते. मावशींच्या घरी चहा झाला. सून आतून आली, सासूच्या तळहातावर एक गोळी ठेवली, गिळेपर्यंत उभी राहिली. मी विचारलं, तर सून म्हणाली, तेव्हापासून मीच देते. मावशी म्हणाल्या, “मले नाई समजत न त्यातलं.” स्वतःचा धंदा चालवणारी बाई – सात वर्षं स्वतःची गोळी स्वतः घेत नव्हती.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, “मावशी, तुमी मले इचारलं होतं, उपाशी राह्यली तवाच घ्याची न म्हणून. मी हो म्हटलं. माह्यं ध्यानच नोतं. मंग समजलं, तरी साहेबाले सांगतलं नाई. तुमची चूक नोती. माही होती.”

मला वाटलं, त्या रडतील. किंवा मला घराबाहेर काढतील. त्या ताठ बसल्या.

“म्हंजे मी बराबर इचारलं होतं.”

“हो.”

“सूनबाई, आयकलं का? मी बराबर इचारलं होतं. आन ते बाटली इकडं. आजपासून माही मी घेतो.”

त्यांचा चेहरा – काय सांगू – उजळला होता. मला माफ केलं की नाही, ते त्या बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, “साहेबालेई सांगजो.”

सोमवारी त्या दहा पावलांवरच्या दारातून मी आत गेले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जुनी फाइल काढायला लावली आणि पेन माझ्याकडे सरकवलं. त्या ओळीखाली मी लिहिलं – रुग्णाने बरोबर विचारले होते. उत्तर मी चुकीचे दिले, आणि नंतर लपवले. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.