मेसरश्मिटची छत्री

कॉकपिटच्या खाली, डाव्या बाजूला, दोन छोटे ब्रॅकेट होते. एका बुधवारी मी ग्राइंडरने त्यांचे रिव्हेट उडवले, भोकं बुजवली आणि वर प्रायमर मारला.

मिसिसागाजवळच्या एका छोट्या संग्रहालयात आम्ही महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान रिस्टोअर करत होतो. मेसरश्मिट १०९, प्रकार जी-सिक्स. मोठ्या मशीनगनमुळे इंजिनाच्या झाकणावर आलेले दोन फुगवटे ही त्याची खूण. मी नाशिकच्या विमान कारखान्यातून रिटायर होऊन परदेशात मुलाकडे आलेला. कारखान्याचा नियम अंगात मुरलेला: ड्रॉइंगमध्ये नाही, ते विमानावर नाही.

मृणाल सॉफ्टवेअरमधली, मूळ नागपूरची, दर शनिवारी मदतीला यायची. आदल्याच शनिवारी ती म्हणाली होती, "काका, हे छत्रीचे ब्रॅकेट आहेत! आपलं विमान वाळवंटातलं आहे."

"लढाऊ विमानाला छत्री? नागपूरचं ऊन अजून डोक्यातून उतरलेलं दिसत नाही."

"हसा. पुढच्या शनिवारी पुरावा आणते."

तिनं आणला. जुना फोटो. उघड्या वाळवंटात मेसरश्मिट, आणि त्याच जागी खोचलेली भलीमोठी छत्री. तापलेल्या कॉकपिटमध्ये वैमानिकाला बसता यावं म्हणून. मी बघतच राहिलो. हजारो विमानं एका साच्यातली. तरी उंचीवर उडणाऱ्याला हवाबंद केबिन, वाळूत उतरणाऱ्याला धूळगाळणी आणि ही छत्री. युद्धाच्या घाईत कुणीतरी बसून एवढा विचार केला होता.

आमच्या विमानाची गाळणी कधीच हरवली होती. पुरावा उरला होता तो ब्रॅकेटचा.

"कुठे आहेत?" फोटो पाहून हँगरचे प्रमुख डेव्ह यांनी विचारलं.

"इथेच होते," मृणाल गुळगुळीत प्रायमरवर हात फिरवत म्हणाली.

"त्यांचा फोटो काढलास?"

"नाही."

डेव्ह माझ्याकडे वळले. "तुम्ही पाहिले होते?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

मृणालनं माझ्याकडे एकदा पाहिलं. ती परत हँगरमध्ये आली नाही. विमानापुढच्या माहितीच्या पाटीवर नुसतं जी-सिक्स लागलं.

पाच वर्षांनी, गेल्या महिन्यात, मी डेव्हना सगळं सांगितलं. रंग खरवडला. बुजवलेली भोकं फोटोतल्या जागीच निघाली. आता पाटीवर 'ट्रॉपिकल', म्हणजे उष्ण प्रदेशासाठी बनवलेलं, असं आहे आणि खाली मृणालचं नाव.

ती आता दुसऱ्या गावी, ब्रॉसार्डला असते. फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काका, ब्रॅकेट ठेवलेत का?"

"नाही गं. कचऱ्यात टाकले."

"निदान विमान तरी ठेवलंत."

आधी फोटो काढावा, मग ग्राइंडर घ्यावा. आणि चूक कबूल करायची तर त्याच शनिवारी करावी. नंतर रंगही जास्त खरवडावा लागतो.