बिनकल्ल्यांचा वंश

मी किड्यांची बाई आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, पण शिकवण्याचं कुणी विचारत नाही, किड्यांचंच विचारतात. समुद्रातले, खाडीच्या चिखलातले, अंगाच्या दोन्ही कडांना राठ केसांचे झुबके असलेले किडे. "पण मॅडम, त्यांचा उपयोग काय?" हा प्रश्न मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मला इतक्या जणांनी विचारलाय, की हल्ली मी सरळ सांगते, "काही नाही. तुमचा काय आहे?" माझ्या नवऱ्याला हे बोलणं आवडत नाही. नसो.

शास्त्रातलं नाव दोन शब्दांचं असतं. आधी वंश, मग जाती. शाळेच्या हजेरीत आडनाव आधी पुकारायचे ना, तसं. नवी जाती अधूनमधून सापडते. नवा वंश म्हणजे मात्र नवं आडनावच. हा किडा आजवरच्या कुठल्याच घराण्यात बसत नाही, असं छातीठोकपणे सांगावं लागतं. आणि नाव एकदा छापलं की ते पुसता येत नाही. चूक ठरलं तरी पुढचा प्रत्येक अभ्यासक लिहिणार, अमक्या बाईने हे नाव दिलं होतं, ते खोटं निघालं. वर तेच नाव दुसऱ्या कुठल्या प्राण्याच्या वंशाला कधी देता येत नाही. एकदा वापरलं की खलास.

वसईच्या खाडीत मला असा बेघर किडा मिळाला. हातभर लांब, तांबूस, अंगावर तेलकट चमक. त्याच्या सगळ्या भाऊबंदांना पाठीच्या दोन्ही कडांना लालचुटूक कल्ले असतात, बारीक फणीसारखे. याला एकही नव्हता. कल्ल्यांच्या जागी नुसते टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे. मी बाटलीमागून बाटली उघडून बघितली, सगळे तसेच. ते उंचवटे हीच मग माझ्या नव्या वंशाची मुख्य खूण झाली. मी त्यांची चित्रं काढली, मापं घेतली, त्यांच्यावर मोठा परिच्छेद लिहिला. काय तो तोरा!

स्वतःचं नाव स्वतःच्या किड्याला द्यायचं नसतं, आमच्यात ते वाईट दिसतं. ज्याने शिकवलं त्याचं देतात. मला शिकवलं ते सर आता आचोळ्याला राहतात, निवृत्त होऊन जमाना झाला. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे खोटे वंश मोडीत काढले. हा किडा म्हणजे त्याच जुन्या किड्याचं पिल्लू, तो म्हणजे शेपूट तुटलेला, असं करत करत त्यांनी कित्येक नावं खोटी ठरवली. स्वतः एकही नवा वंश केला नाही. मी घरी जाऊन त्यांना लेख दाखवला आणि म्हटलं, "सर, तुमचं नाव देतेय." ते बराच वेळ चित्रंच बघत राहिले. मग "बरं" म्हणाले. काकूंनी मात्र पेढे आणवले आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना सांगितलं, "आमच्या ह्यांच्या नावाचा किडा निघालाय!"

लेख स्वीकारला गेला. छपाईआधीचा मजकूर एकदा नजरेखालून घालायला माझ्याकडे आला. मी 'ठीक आहे' कळवलं की छापणार, एवढंच बाकी.

त्या रविवारी सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून निवट्या साफ करत होत्या. त्यांचं माहेर वसईतल्या होळी गावचं, वाडीवाल्यांचं. सिंकखाली त्यांचा राखेचा डबा असतो, माहेराहून भरून आणलेला. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा, महा बुळबुळीत. राख चोळल्याशिवाय हातात राहत नाही. हे मी लग्न झाल्यापासून बघतेय. मी देशावरची, आधी नाक मुरडायचे, आता कालवणाला आधी मीच बसते.

आईंनी एक निवटी राखेत घोळवली, मुठीत धरून खसाखसा चोळली आणि तिच्या पाठीवरचा पातळ पर सुटून त्यांच्या बोटाला चिकटला. त्यांनी तो झटकला.

पाण्याचा तांब्या हातात धरून मी त्या पराकडे बघत राहिले.

"पानी घाल गं, बघत काय बसलीस?" आई म्हणाल्या. "कदी निवटी बगितली नाय?"

माझे किडे खाडीवर गळाचं आमिष विकणाऱ्या एका दादांकडून यायचे. हा किडा बिळात खोल असतो, फावड्याने खणला तर त्याचे तुकडे होतात, आणि मला हवा अख्खा. दादा बिळात हात घालून त्याला अलगद ओढून काढतात. ओढताना निसटू नये म्हणून बोटं राखेत बुडवतात, आणि काढल्यावर राखेतच घोळवून डब्यात टाकतात. किडे घरी आणून ती राख मी स्वतःच्या हातांनी धुवत होते. नळाखाली धरून, मऊ ब्रशने, किती ती काळजी! आणि मग भिंगाखाली बघून लिहीत होते, कल्ले नाहीत, उंचवटे आहेत. उंचवटे कसले, कर्म माझं! ते तुटलेल्या कल्ल्यांचे खुंट असणार. डोळे होते की भोकं!

पण 'असणार' म्हणून चालत नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि ओहोटी बघून खाडीवर गेले. दादांना म्हटलं, "आज राख नाही लावायची."

"राखेशिवाय? मॅडम, कोन करतो असं? हातात ऱ्हायल काय तो?"

"नाही राहिला तर नाही. पण राख नको."

मग आमची मजा सुरू झाली. किडा बोटात यायचा आणि सुळकन आत जायचा. दादा शिव्या घालायचे, माझ्याकडे बघून जीभ चावायचे, पुन्हा घालायचे. मी गुडघाभर चिखलात उभी राहून म्हणत होते, घाला हो घाला, माझ्या पण वाटणीच्या घाला. शेवटी चिखलाच्या ढेकळासकट एक अख्खा निघाला. मी खाडीच्याच पाण्याचं पातेलं पुढे केलं. त्यात ढेकूळ हळूहळू सुटलं, किडा मोकळा झाला, आणि त्याच्या पाठीवर दोन्हीकडून लाल फण्या उलगडल्या. त्यांच्या आत रक्त फिरताना दिसत होतं. ओळखीचा किडा. जुनं घराणं. माझा वंश त्या पातेल्यात संपला.

खरं सांगते, मला आधी वाईट वाटलंच नाही. 'ठीक आहे' असं कळवायचं अजून राहिलं होतं, एवढंच डोक्यात होतं. तिथेच चिखलाचे हात ओढणीला पुसून मी संपादकांना फोनवरून मेल केली, लेख मागे घेते, छापू नका. घरी पोचेपर्यंत उत्तर आलं, थांबवला आहे. जीव भांड्यात पडला.

मग सर आठवले.

किडा एका मोठ्या बरणीत, खाडीच्या पाण्यात घेतला आणि आचोळ्याला निघाले. रिक्षात बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, एकही धड जुळेना. म्हाताऱ्या माणसाच्या हातात आपण होऊन खेळणं द्यायचं आणि आपणच काढून घ्यायचं. सरांच्या बिल्डिंगच्या जिन्यात खालच्या वहिनी भेटल्या. "कधी छापतायत हो किडा?" मी नुसती हसले.

सर खुर्चीत बसले होते. पूर्वीपेक्षा वाळलेले दिसले. त्यांच्यापुढच्या टेबलावर बरणी ठेवली आणि भिंग हातात दिलं.

ते वाकले. किड्याने पाठ वळवली, फण्या हलल्या. मी घडाघडा सगळं सांगून टाकलं, निवट्या, राख, ब्रश, मेल. शेवटी म्हटलं, "सर, चुकलं माझं. तुमचं नाव गेलं."

"गेलं कुठे?" सर म्हणाले. "छापलं असतं तर गेलं असतं. खोट्या किड्याला लागून कायमचं. आता आहे की शिल्लक."

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू चित्रं दाखवलीस ना, त्या दिवशीच मला ते उंचवटे खटकले होते. हे खुंट आहेत, मनात आलं होतं. दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर तिथल्या तिथे तुझी खरडपट्टी काढली असती."

"मग बोलला का नाहीत, सर?"

"मोह झाला गं. आणि एकदा गप्प बसल्यावर मग बोलताच येईना. ही तर पेढे वाटून आलेली."

मला हसू आलं की रडू, ते मला अजून सांगता येत नाही. मी त्यांचा हात धरला. सर हसत होते, असे की पोट हलत होतं. त्यांनी एकेक वंश मोडल्याच्या गोष्टी ऐकत मी मोठी झाले, पण त्यांना इतकं मोकळं हसताना मी कधी बघितलं नव्हतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "म्हणजे किडा रद्द?" त्या म्हणाल्या. "अहो, आणि मी डॉक्टरकडे न्यायला निघाले होते तुम्हाला! पेढे वाटले तेव्हापासून अन्न पुढ्यात तसंच ठेवून उठतायत. आता मी खाली सगळ्यांना काय सांगू?"

"ते नंतर," सर म्हणाले. "आधी मला वाढ. भूक लागलीय."