तिच्या नानांची एका डब्याची गाडी

आधीच सांगून टाकते, मी जळकुकडी हाय. सगळ्यांवर न्हाई जळत, एकाच माणसावर. माझ्या मैत्रिणीवर. कारण तिचे नाना, म्हणजे तिच्या आईचे वडील, परळीहून सुटणारी एका डब्याची डिझेल गाडी चालवायचे.

तुम्ही म्हणाल, यात काय जळायचं! थांबा, सांगते.

मी युसूफ वडगावची. आमच्या गावात बाजार हाय, शाळा हाय, सगळं हाय, फक्त रूळ न्हाईत. आणि मला रेल्वेचं वेड. त्यातही लांबलचक गाड्यांचं न्हाई, ह्या जुन्या एका डब्याच्या गाड्यांचं. आडबाजूच्या फाट्यावर थोड्याशा माणसांसाठी वेगळं इंजिन कशाला, म्हणून डब्याच्या पोटातच डिझेल इंजिन बसवलेलं. निम्मी रेल्वे, निम्मी एसटी! दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली, त्यामुळं गाडी फिरवायची भानगडच न्हाई. मी मोबाईलवर हुडकून हुडकून असल्या गाड्यांचे फोटो जमवले होते, सगळं पाठ होतं मला. आणि माझ्या घरात रेल्वेत कोण? कोण्णी न्हाई. माझ्या आजोबांनी जन्मात एकदाच रेल्वे पकडली, तीपण चुकीच्या दिशेची.

आणि हिला, अंबाजोगाईच्या कॉलेजात वर्षभर माझ्या शेजारी बसणारीला, त्याचं काहीच न्हाई! एकदा कॅन्टीनमध्ये मी तिला फोटो दाखवत होते, तर वडा खाता खाता म्हणते, "असली तर आमचे नाना चालवायचे."

असली! जशी काय सायकल.

"मग आजपर्यंत सांगितलं कावून न्हाईस?"

"तू विचारलंस कधी?" आणि माझ्या ताटलीतली मिरची उचलून खाल्ली.

त्या दिवसापासून मी तिच्याकडं बघायचे आणि मनात म्हणायचे, चुकीच्या पोरीला मिळाले गं हे नाना.

मग कॉलेजात प्रदर्शन ठरलं आणि मी त्या गाडीचा नमुना करायला घेतला. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, शर्टाच्या डब्याचं प्लास्टिक कापून खिडक्या, आइस्क्रीमच्या काड्यांची बाकं. दोन्ही खोल्यांत सेफ्टी पिन वाकवून गाडी चालवायचा एक-एक हँडल. छप्पर उचललं की आतलं सगळं दिसायचं. मांडीवर धरून एसटीनं परळीला घेऊन गेलते, नानांना दाखवायला. नुसतं 'हीच ती' म्हणाले असते तरी मला पुरलं असतं.

नाना बाजेवर बसलेले. पांढरी दाढी, अंगात बनियन. नजर अधू झालेली, म्हणून डबा पार नाकाशी नेऊन बघत होते. मी श्वास धरून बसलेली. तेवढ्यात ही मागून वाकली.

"अगं, दोन हँडल कशाला?"

"दोन खोल्या हायत ना."

"म्हणून काय झालं? हँडल एकच असतो. ड्रायव्हर इकडचा काढतो आणि तिकडं घेऊन जातो."

"हौ!" नानांनी मांडीवर थाप मारली. "बराबर बोली मेरी बच्ची!"

मग ते सांगायला लागले. शेवटच्या स्टेशनला गाडी थांबली की हँडल काढायचा, काखेत मारायचा, आणि डब्याच्या मधून चालत दुसऱ्या टोकाला जायचं. मधी गाठोडी, कोंबड्या, लोकांचे पाय. "सलाम करते करते जाना पडता था, बेटा. कोई पेरू देता, कोई शेंगा. उधर पहुँचने तक दोनो जेब फुल्ल. लेकिन हँडल किसी के हात में नक्को. हँडल जिसके पास, गाडी उसकी."

मी तिला हळूच विचारलं, "हे कुठं वाचलंस?"

"वाचायचं काय त्यात? आमच्याकडं बाहेर निघालं की नाना अजूनपण गॅसच्या शेगडीची फिरवायची खुंटी काढून खिशात घालतात. लहानपणी मी विचारलं होतं, असं कावून."

घ्या! माझ्या डोळ्यांचं पाणी झालं मोबाईल बघून बघून, आणि हिला ते शेगडीवरून कळलं. येताना एसटीत मी एक सेफ्टी पिन उपटून खिडकीतून फेकली. नानांनी डब्याला चांगलं म्हटलं न्हाई, वाईट म्हटलं न्हाई. पाठ थोपटली ती तिची.

प्रदर्शनात मी बोलत होते आणि ती शेजारी तक्ता धरून उभी. गर्दी जमली. मी उरलेली पिन काढून दाखवली, काखेत हँडल, कोंबड्या, पेरू, सगळं सांगितलं. लोक हसत होते, लई भारी वाटत होतं. एका बाईंनी विचारलं, "एवढं बारीक सारीक तुला कसं गं माहीत?"

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "माझे आजोबा ही गाडी चालवायचे ना."

ती तिथंच होती! एका हाताच्या अंतरावर! मी तिच्याकडं बघितलंच न्हाई. आणि गप तरी बसावं का न्हाई, तर पुढं म्हणाले, "ते अजून शेगडीची खुंटी खिशात घालतात." बाई म्हणाल्या, किती गोड. फोटो काढले माझे.

सगळं आवरल्यावर तिनं तक्ता गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"मंगळवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय," ती म्हणाली. "तुझे आजोबा हायत ना? मग त्याच्या आधी रविवारी ये. दोन्ही डोळ्यांत ड्रॉप टाक. दर दोन तासाला. ते शिव्या देतात, त्यापण खा."

"सॉरी ना गं."

"सॉरी बिरी नको. रविवारी ये."

गेले मी रविवारी. नाना डोळे मिटून पडलेले. तिनं बाटली माझ्या हातात कोंबली आणि दारात जाऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. मी आल्याचं नानांना कुणी सांगितलंच न्हाई. मी पापणी वर केली, एका डोळ्यात थेंब टाकला, त्यांनी पुन्हा डोळे गच्च मिटले.

"बेटा," ते म्हणाले, मला ती समजून, "तेरी सहेली को बोल मत, न्हाई तो फुगेगी. वो डब्बा बिलकुल वैसाच था. बाकं भी वैसेच. मैं रात भर सोया न्हाई." मग म्हणाले, "इतने साल में तू कभी बनाई क्या ऐसा मेरे वास्ते? कभी पूछी भी न्हाई ढंग से."

मला हेच पाहिजे होतं. अगदी हेच. आणि मी लगेच दाराकडं बघितलं, तिनं ऐकलं का ते बघायला. असली मी.

ऐकलं होतं. हाताची घडी सुटली होती. तिचं तोंड कसं झालं होतं सांगू? कॅन्टीनच्या त्या दिवसापासून माझं होतं तसं. आरशात बघितल्यावानी ओळखलं मी.

दोन मिनिटं लई गार वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती नाक ओढायला लागली, आणि नाना म्हणाले, "कौन है उधर?"

मी उठले, बाटली तिच्या हातात दिली. "दुसरा डोळा तू कर."

"तुझे आजोबा हायत ना?"

"न्हाईत," मी म्हणाले, मोठ्यानं, नानांना ऐकू जाईल असं. "तुझे हायत."

ती बाजेवर बसली. पहिला थेंब त्यांच्या नाकावर पडला आणि नानांनी माझ्या वाट्याच्या सगळ्या शिव्या तिला दिल्या.