शेजारचं शटर

देगलूरच्या बाजारात माझ्या शिलाईच्या दुकानाशेजारी एक मिस्त्री पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करायचे. पहिलं गिऱ्हाईक गेलं की मिळालेल्या पैशातून थोडे बाजूला काढत म्हणायचे, "हे म्हाताऱ्याचे." म्हातारा म्हणजे पुढं होणारे ते स्वतःच. मी हसायचो.

साठी झाली आणि भर उन्हाळ्यात, दारात नादुरुस्त पंप येत असताना, त्यांनी शटर ओढलं. गिऱ्हाइकं विनवत होती. "न्हाई बा, रिटायर झालो," म्हणत त्यांनी सगळ्यांना दुसरीकडं धाडलं.

आता ते रोज माझ्या बाकावर निवांत चहा पितात. त्यांच्या नखांतला काळेपणाही गेलाय. त्या स्वच्छ नखांचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो. वयानं मी त्यांच्याहून मोठा.

काल त्यांनी सहज विचारलं, "मास्तर, तुमचं कवा?"

मी खाली वाकून, न पडलेली सुई शोधत राहिलो.