साहेबांच्या खुर्चीत बसलेली बाई

मिस्टरांच्या बायपासची तारीख ठरली आणि माझी प्रार्थना बंद पडली. खोटं कशाला लिहू? त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, ऑपरेशन बुधवारी होतं आणि त्याआधी चार रक्तदाते आणायला सांगितलं होतं. सोमवार उजाडला तरी एकच मिळाला होता. आमची चर्चची मंडळी लहान, त्यात निम्मी साठीच्या पुढची. कुणाला शुगर, कुणाला बीपी. फाइल, विम्याचे कागद, डबा, सगळं मी उरकत होते. पण डोळे मिटून ‘प्रभू’ म्हटलं की पुढे शब्दच येत नव्हते.

शब्द यायचे ते एकाच ठिकाणी. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या आमच्या छोट्या चर्चमध्ये आमच्या जुन्या पाळकसाहेबांची लाकडी खुर्ची आहे. त्यांनी आमचं लग्न लावलं, दोन्ही मुलांना बाप्तिस्मा दिला. ते प्रभूकडे गेल्यावर त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. तसा काही ठराव झाला नव्हता, पण तिला मखमलीचं कव्हर मीच शिवलं, दर रविवारी तिच्यावर फुलं मीच ठेवली, आणि मुलांनी खेळताना हात लावला तर ओरडणारीही मीच. याला मी आदर म्हणत होते. आता तर मी कल्याणहून रिक्षाने तिथे जायचे, खुर्चीचा हात घट्ट धरायचे, मगच प्रार्थना सुरू व्हायची. खुर्ची टेम्पोत घालून हॉस्पिटलात नेता येईल का, याचीही चौकशी करून झाली होती. आम्ही फक्त देवाचीच उपासना करतो, असं चारचौघांत सांगणारी मी!

सोमवारी भरदुपारी गेले, तर खुर्चीत एक अनोळखी बाई. चपला बाजूला, सुजलेले पाय पुढच्या बाकावर, मखमलीवर घामाचा डाग. साहेबांच्या पत्नी, आमच्या पाळकीणबाई, चर्चच्या मागच्या खोलीत राहतात. त्या तिला गीतपुस्तकाने वारा घालत होत्या.

“अहो, उठा! साहेबांची खुर्ची आहे ती!” मी म्हणाले.

ती बिचारी दचकून उठू लागली. पाळकीणबाईंनी खांदा दाबून तिला परत बसवलं. “बसा हो. अगं, उन्हात चक्कर आली हिला, दारातच बसली होती. आणि या खुर्चीचं कौतुक मला सांगू नकोस. पाठ धरायची त्यांची. रोज सुताराच्या नावाने बडबड!”

“पण बाई, मला इथेच प्रार्थना सुचते.”

“म्हणजे खुर्ची नसती तर देव बहिरा का गं?”

त्या खुर्चीवर सगळ्यांत जास्त हक्क कुणाचा असेल तर तो या बाईंचा. नवऱ्याची तेवढीच आठवण चर्चमध्ये उरली होती, आणि त्यांनी ती एका घामाघूम परकीला क्षणात देऊन टाकली होती. मी बाकावर बसले. हात रिकामे होते, कुठे ठेवावेत कळेना.

पाणी पिऊन त्या बाईला हुशारी आली. “ताई, घरात कोणी आजारी हाय का?” तिने विचारलं. मी दोन वाक्यांत सांगितलं.

“रक्त पायजे? मग आधी बोलायचं ना! माझा भाऊ देतो, त्याच्या कंपनीतले पण देतात. आमच्या विहारात जयंतीला शिबिर असतं, सवयच हाय त्यांना.” आणि खुर्चीत बसूनच तिने फोन लावला.

मंगळवारी सकाळी तिचा भाऊ आणि त्याचे दोन सोबती मोहन्याहून ठाण्याला आले, रक्त दिलं, उभ्याउभ्याच चहा घेतला आणि कामावर गेले. चार पुरे झाले. त्या दुपारी मी तिला उठवलं असतं तर काय झालं असतं, हा हिशेब मी अजून पुरता केलेला नाही.

मी लगेच पाळकीणबाईंना फोन केला. “देवदूतच होती हो ती! तिचा एखादा फोटो मिळाला तर...”

“झालं! आता तिला कव्हर शिवायला घे. अगं, ज्याने पाठवली त्याचे आभार मान आधी.”

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

बुधवारी मिस्टरांना आत नेलं. बाहेर भिंतीशी मी उभी राहिले. धरायला काही नव्हतं, आणि पहिल्यांदाच काही शोधावंसंही वाटलं नाही. ‘प्रभू, हा माणूस तुझा आहे. मला तो आणखी हवाय, पण आधी तो तुझा आहे,’ एवढंच म्हणाले. मग आभार मानू लागले: एकत्र काढलेल्या वर्षांचे, त्या तिघांच्या रक्ताचे, पाळकीणबाईंच्या फटकळ तोंडाचे. ते बराच वेळ चाललं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा माझं ‘आमेन’ म्हणून झालं होतं. बातमी चांगली होती. ती वाईट असती तरी ते आभार मी परत मागितले नसते, असं आज म्हणते. तेव्हा ते जमलं असतं की नाही, ते प्रभूलाच ठाऊक.