दादाचा हात

सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईला विमानांच्या मैदानावर सगळे घार म्हणत. तिच्या दादाने आपल्या छोट्या विमानामागे दोरी बांधून तिचं बिनइंजिनाचं ग्लायडर वर न्यायचं, त्याने हात हलवला की तिने दोरी सोडायची आणि वर चढणाऱ्या गरम हवेवर घिरट्या घालत राहायचं, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं. ही हवा कुठे सापडेल ते दादाला अचूक कळे. म्हणून त्याचा हात हलला की घार डोळे मिटून दोरी सोडी.

आज स्पर्धा होती. जास्त वेळ वर राहील तो जिंकणार. दादाने तिला तळ्यावर नेलं आणि हात हलवला. इथे, गार पाण्यावर? घारीला क्षणभर वाटलं. पण हात दादाचा होता. तिने दोरी सोडली आणि बघता बघता ती जमिनीला टेकली.

"आज हवेत जीवच नाही गं," दादा तिच्याकडे न बघता म्हणाला.

मग स्वतःच्या लेकीला त्याने नेलं ते थेट कारखान्याच्या तापलेल्या पत्र्यांवर. पोर घिरट्या घेत ठिपक्याएवढी झाली. घार अंगावरचे पॅराशूटचे पट्टे न सोडता उन्हात उभीच राहिली.

"मागितलं असतंस तर हसत दिलं असतं रे. चोरलंस कशाला?" ती पुटपुटली.

भाची जिंकून उतरली ती धावत येऊन तिच्या गळ्यातच पडली.

"आत्या, तू शिकवलंस तस्संच केलं! बाबांचा हात हलला, की डोळे मिटून सोडायचं."